मिलिमीटरभर लहान

ट्यूबावादकाला लहान माउथपीस घ्यावासा वाटू लागला, तरी तो सहसा ते चारचौघांत बोलत नाही. या वाद्याभोवती मोठेपणाचा दबदबा आहे. वाद्य अवाढव्य, भोंगा अवाढव्य, तेव्हा माउथपीसही ऐसपैसच असणार असे गृहीत धरलेले असते. लहानाकडे वळणारा म्हणजे दमाला कमी पडलेला वादक, ही समजूत शिकवणाऱ्यांतही आहे आणि शिकणाऱ्यांतही. आमच्या मते ती टाकून द्यायला हवी. मात्र तिच्या जागी दुसरी भाबडी समजूत येता कामा नये, की लहान माउथपीस लावला म्हणजे वरचे सूर आपसूक निघतात. पहिल्या समजुतीपायी चुकीच्या मापात वर्षे जातात. दुसरीपायी पैसे जातात आणि खर्जही जातो.

आधी हा वाद किती अंतराचा आहे ते पाहू. ट्यूबाच्या माउथपीसच्या कपाचा आतला व्यास साधारण ३० ते ३४ मिलिमीटर असतो. सगळे मतभेद आणि सगळी चढाओढ या चार मिलिमीटरांत सामावते. व्हिन्सेंट बाख यांच्या नावाने निघणाऱ्या माउथपीसांपैकी १८ क्रमांकाचा व्यास सुमारे ३२.६ मिलिमीटर, तर सूझाफोन या मिरवणुकीतल्या ट्यूबावर पुष्कळदा दिसणाऱ्या २४ एडब्ल्यूचा सुमारे ३१.२५ मिलिमीटर. दोघांत दीड मिलिमीटरही फरक नाही. डोळ्यांना तो जाणवणारही नाही, पण ओठांना पहिल्याच फुंकीत कळतो. व्यास चार टक्क्यांनी घटला की वर्तुळाचे क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी घटते, आणि ओठांचा थरथरणारा भाग त्या वर्तुळातच असतो. ट्यूबाला तार नाही की रीड नाही. ओठ हीच त्याची रीड, आणि माउथपीस बदलणे म्हणजे त्या रीडचा आकार बदलणे.

क्रमांकांवर विसंबून खरेदी करणाऱ्याची इथेच पहिली फसगत होते. बाखच्या पद्धतीत क्रमांक जितका लहान तितका माउथपीस मोठा. शिकागो सिम्फनीतले ट्रम्पेटवादक रेनॉल्ड शिल्के यांनी सुरू केलेल्या कारखान्यात नेमकी उलटी रीत आहे. तिथे क्रमांक वाढला की माप वाढते. यामाहाचे क्रमांकही त्याच दिशेने जातात. भरीस भर म्हणजे कपाची कड आत वळताना गोलाई घेते, त्यामुळे व्यास नेमका किती खोलीवर मोजायचा हे प्रत्येक कारखान्याचे वेगळे. एकाचा ३२ मिलिमीटर दुसऱ्याच्या ३२शी जुळेलच असे नाही. तेव्हा 'तुमचा नंबर कितीचा?' या प्रश्नाला कारखान्याचे नाव जोडल्याशिवाय काही अर्थ नाही, आणि नाव जोडले तरी फार थोडा आहे.

कारण 'लहान' म्हणजे नेमके काय लहान, हा खरा प्रश्न आहे. दुकानात 'जरा लहान दाखवा' म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा व्यास असतो. पण कपाला खोलीही असते. कपाचा आकार वाटीसारखा गोल असू शकतो किंवा नरसाळ्यासारखा निमुळता. तळाला एक भोक असते, साधारण साडेसात ते पावणेनऊ मिलिमीटरांचे. त्याच्यापुढे पुन्हा रुंदावत जाणारी आतली नळी असते, तिला बॅकबोर म्हणतात. वर ओठ टेकतात ती रिम रुंद किंवा अरुंद, बोथट किंवा धारदार असते. यातले कुठलेही एक माप घटवले की माउथपीस 'लहान' होतो, आणि प्रत्येक वेळी घडणारी गोष्ट वेगळी असते.

व्यास घटवला की रिमच्या आत ओठांचा कमी भाग येतो. वरचे सूर धरून ठेवताना स्नायूंना कष्ट कमी पडतात आणि ओठ उशिरा थकतात. खालच्या सुरांना मात्र ओठांची सैल, रुंद हालचाल हवी असते. तिला जागा अपुरी पडते. खोली घटवली की आवाज उजळतो, टंगिंग, म्हणजे जिभेने सूर सुटा करणे, स्वच्छ ऐकू येते, जलद ओळी मोकळ्या होतात, पण आवाजाचा भरीवपणा पातळ होतो. भोक बारीक केले की फुंकीला रोध वाढतो; हवा पुरते, सूर जागेवर घट्ट बसल्यासारखा वाटतो, आणि मोठ्या आवाजात वाजवताना हाच रोध आवाजाची मान धरतो. रिमचे तर आणखी वेगळे. रुंद रिम दाब पसरवते, त्यामुळे ती आरामशीर वाटते, पण ओठांची चपळाई कमी करते. व्यासात तंतोतंत सारखे असलेले दोन माउथपीस रिमच्या गोलाईमुळे एक ऐसपैस आणि एक आखूड वाटू शकतात. माप न बदलता 'लहान' झाल्याचा भास देणारा हा भाग आहे, म्हणून तो आधी तपासावा.

सुराच्या शुद्धतेवर होणारा परिणाम सर्वांत कमी बोलला जातो, आणि आम्हाला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की हुंकार येतो. बाटली लहान असेल तर तो वरच्या पट्टीत येतो. माउथपीसचा कप आणि त्याखालचे भोक मिळून तशीच पोकळी होते, आणि तिला स्वतःचा असा एक सूर असतो. माउथपीस हातात धरून त्याची रिम तळव्यावर आपटली की पुटकन् जो आवाज होतो, त्यात हा सूर ऐकू येतो. अमेरिकन ध्वनिशास्त्रज्ञ आर्थर बेनेड यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आणि त्याआधीच्या संशोधनात पितळी वाद्यांच्या बाबतीत या गोष्टीचा बारकाईने विचार केला. वाद्याच्या दृष्टीने माउथपीस म्हणजे नळीला जोडलेली थोडी जास्तीची लांबी. गंमत अशी की ही लांबी सर्व सुरांना सारखी लागू होत नाही. खालच्या सुरांना ती थोडी भासते आणि वर जावे तशी वाढत जाते. कप मोठा असेल तर वरचे सूर त्यामुळे जास्त उतरतात, लहान असेल तर कमी उतरतात, म्हणजे तुलनेने चढे लागतात.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. वाद्य आणि माउथपीस यांचा मेळ बसला नाही, तर सप्तकाचे दोन टोकांचे सा एकमेकांशी जुळत नाहीत. मोठ्या बी फ्लॅट ट्यूबाची नळी सुमारे साडेपाच मीटर लांब. तिच्यावर खोल, मोठा कप शोभतो. एफ ट्यूबाची नळी सुमारे पावणेचार मीटर. तोच कप तिच्यावर लावला तर वरचे सूर पडतात, मधले सूर सैल होतात आणि वादक दिवसभर ओठांनी सूर वर ढकलत बसतो. अशा वेळी लहान माउथपीस ही सवलत उरत नाही, ती दुरुस्ती ठरते. उलट, बी फ्लॅट ट्यूबावर फार उथळ कप लावला की वरचे सूर चढतात, आणि मग ट्यूनिंग स्लाइड ओढून खालचे सूर बिघडवण्याची पाळी येते. ट्यूनिंग स्लाइड सगळ्या वाद्याला एकदम उतरवते; दोन टोकांतले भांडण तिला मिटवता येत नाही.

या वाद्याचा इतिहास पाहिला तर मोठेपणाची सक्ती अगदी अलीकडची आहे हे दिसते. विल्हेल्म वीप्रेष्ट हे प्रशियाच्या सैनिकी बँडांचे प्रमुख आणि योहान गॉटफ्रीड मोरित्स हे बर्लिनचे वाद्यकार. या दोघांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी बास ट्यूबाचे पेटंट घेतले. तो एफ पट्टीतला होता, पाच व्हॉल्व्हचा, आणि आजच्या मानाने सडपातळ. त्याच्या आधी वाद्यवृंदाचा पाया ओफिक्लाइड आणि सर्पंट ही वाद्ये सांभाळत. बर्लिओझ यांनी १८३० च्या आपल्या सिम्फनीत त्यांचीच योजना केली होती. मोठे, खालच्या पट्टीतले ट्यूबा १८४० च्या दशकात बोहेमियातल्या चेर्वेनी यांच्यासारख्या कारागिरांनी घडवायला घेतले, आणि वाग्नर यांना आपल्या संगीतनाट्यांसाठी कॉन्ट्राबास ट्यूबा हवासा वाटला तेव्हा त्या वजनाला प्रतिष्ठा मिळाली. पुढे अमेरिकेत सूझा यांच्या बँडने आणि मोठ्या वाद्यवृंदांनी तिला आणखी उंची दिली. कॉन कंपनीचा 'हेलेबर्ग' हा माउथपीस त्या काळचे नामांकित वादक ऑगस्ट हेलेबर्ग यांच्या नावाचा. खोल, नरसाळ्यासारखा कप आणि काहीशी धारदार रिम ही त्याची ओळख. आज जगभरच्या विद्यार्थ्यांच्या मनात 'ट्यूबाचा माउथपीस' म्हणून जे चित्र असते ते बरेचसे याच्यावरून आले आहे. त्याच घराण्यात ७बी हा लहान भाऊ आहे, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

इंग्लंडमध्ये तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाद्यवृंदातला ट्यूबा म्हणजे बारीक नळीचा एफ ट्यूबाच असे. राल्फ वॉन विल्यम्स यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त ट्यूबा कन्चेर्टो लिहिला. १९५४ साली फिलिप कॅटेलिने यांनी तो पहिल्यांदा वाजवला आणि वाद्यवृंदाचे संचालन जॉन बार्बिरोली यांनी केले, तेव्हा कानांवर पडला तो अशाच सडपातळ वाद्याचा गाता आवाज. नंतर जॉन फ्लेचर यांच्यासारख्या वादकांमुळे तिथे मोठा ई फ्लॅट ट्यूबा रुळला. आज कोणी हा कन्चेर्टो मोठ्या वाद्यावर, मोठ्या माउथपीसने वाजवत असेल तर ती त्याची निवड. पण लहान माउथपीस लावणारा मूळ आवाजापासून ढळला असे म्हणायला काहीच आधार नाही. उलट तोच त्याच्या जवळ जातो.

लहानाच्या बाजूने एवढे बोलल्यावर त्याची मर्यादाही सांगायला हवी, आणि त्यासाठी ट्यूबावादकांच्या तोंडी कायम असलेले एक उदाहरण पुरे आहे. मुसोर्गस्की यांच्या १८७४ च्या पियानोरचनेचे रावेल यांनी १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी रूपांतर केले. त्यातल्या 'बिड्लो' या बैलगाडीच्या चित्रात ट्यूबाला एक लांब एकल ओळ आहे, आणि ती ट्यूबाच्या मानाने फार उंच चढते. वाद्यवृंदाच्या चाचण्यांची तयारी करणारे कित्येक विद्यार्थी ही ओळ समोर आली की लहान माउथपीसच्या शोधाला लागतात. वास्तविक रावेल यांच्या मनात होता तो फ्रान्समधला लहान सी ट्यूबा. तो आकाराने युफोनियमच्या जवळचा, त्याच्याहून एक स्वर वरचा. आजही पुष्कळ वाद्यवृंदांत ही ओळ युफोनियमवर वाजते, काही ठिकाणी एफ ट्यूबावर. म्हणजे जाणत्या वादकांनी इथे वाद्यच बदलले. मोठ्या सी ट्यूबावर दीड मिलिमीटर घटवून हा डोंगर चढता येत नाही. सराव नसलेला वरचा सूर लहान माउथपीसने फार तर एखाद-दुसरा स्वर वर सरकतो. तिथे पोहोचल्यावर तो पातळ, आवळलेला लागतो, आणि त्याची किंमत दोन सप्तके खाली मोजावी लागते.

दमाचेही तसेच. ट्यूबाला हवेचा दाब कमी लागतो, पण प्रवाह मोठा लागतो. ट्रम्पेटचे नेमके उलटे. त्यामुळे ज्याची हवा लवकर संपते त्याला लहान माउथपीसचा मोह पडतो, आणि बारीक भोकामुळे काही अंशी आराम मिळतोही. पण शिकागो सिम्फनीत १९४४ ते १९८८ अशी ४४ वर्षे ट्यूबा वाजवणाऱ्या अर्नोल्ड जेकब्ज यांच्याकडे पाहावे. त्यांची फुप्फुसे सामान्य माणसाहूनही कमी क्षमतेची होती, दम्याचा त्रास होता, आणि वाद्य मात्र यॉर्क कंपनीचा प्रचंड सी ट्यूबा. त्यांनी आपला प्रश्न माउथपीस आवळून सोडवला नाही. श्वास कसा घ्यायचा, तो कुठे पुन्हा भरायचा, ओळीचा विचार कसा करायचा यावर त्यांनी आयुष्य घालवले, आणि त्यातून उभी राहिलेली शिकवण जगभरचे पितळी वादक आजही 'साँग अँड विंड' या नावाने ओळखतात. ज्या वादकाला चार मात्रांनी दम तुटतो, त्याने दुकानात जाण्याआधी श्वासाकडे जावे. व्हॉल्व्ह गळके आहेत का, पाण्याच्या चावीचा कॉर्क झिजला आहे का, एखादा सांधा सुटला आहे का, हेही पाहावे. गळक्या वाद्यात हवा वाया जाते आणि दोष माउथपीसला दिला जातो.

मग लहान माउथपीस कोणी घ्यावा? आमचे उत्तर असे, की ज्याचे वाद्य लहान आहे त्याने तो नि:शंक घ्यावा. एफ आणि ई फ्लॅट ट्यूबा वाजवणाऱ्यांनी बी फ्लॅटचा माउथपीस उचलून तिथे लावण्याचा आळस सोडावा. व्यावसायिक वादक दोन वाद्यांसाठी दोन माउथपीस ठेवतात. काही जण रिम एकच ठेवतात आणि तिच्याखालचा कप बदलतात, कारण रिम आट्यांनी काढता-लावता येण्याची सोय काही कारखान्यांनी केलेली आहे. ओठांची सवय तीच राहते आणि वाद्याला हवी ती पोकळी मिळते. खर्च जास्त, पण आम्हाला ही तोड सर्वांत शहाणी वाटते.

ब्रास क्विंटेटमध्ये वाजवणाऱ्यानेही विचार करावा. दोन ट्रम्पेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन यांच्या शेजारी बसलेल्या ट्यूबाला पंचवीस व्हायोलिनांना पेलणारा आवाज नको असतो. तिथे शब्दांसारखे स्पष्ट सूर लागतात, जलद ओळी लागतात, आणि अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात ट्यूबाला विसावा जवळजवळ मिळत नाही. युफोनियम किंवा ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याला गरजेपुरता ट्यूबा हाती घ्यावा लागला, तरीही मधले माप सोयीचे. त्या दोन वाद्यांचे माउथपीस पंचवीस-सव्वीस मिलिमीटरांचे. तिथून एकदम तेहतिसावर उडी मारली की ओठ गोंधळतात.

आणि मुले. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर मोठा माउथपीस ठेवला की वरची कड नाकाला भिडते, खालची हनुवटीच्या उतारावर जाते, आणि ओठांचे कोपरे, जे सुराची खरी मदार असतात, ते धरायला जागाच उरत नाही. मूल मग गाल फुगवते, नाहीतर माउथपीस तिरका धरते. 'पुढे मोठा होईल तेव्हा बसेल' हे कपड्यांच्या बाबतीत चालते, इथे नाही. कारण तोवर ओठांना लागलेले वळण नंतर सुटता सुटत नाही. हेच मूल दोन-तीन वर्षांनी मोठ्या मापाकडे जाऊ शकते, आणि बहुधा जावेच लागते. मोठ्या माणसांतही चेहरे सारखे नसतात. ओठांची जाडी, दातांची ठेवण, वरच्या ओठाखाली पुढे आलेला एखादा दात यांवर मापे ठरतात, पौरुषावर नाही.

पारख कशी करावी, यावर थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. नवा लहान माउथपीस हाती आला की माणूस पहिल्यांदा वर चढून पाहतो. वरचे सूर सुटसुटीत लागतात, चेहरा खुलतो, पैसे मोजले जातात. पारख खालून करावी. बी फ्लॅट ट्यूबाचा मूळ पेडल सूर सेकंदाला सुमारे २९ कंपनांचा असतो. तिथपर्यंत एकेक स्वर सावकाश उतरत जावे आणि कुठे आवाजाचा पाय सुटतो ते पाहावे. जुन्या माउथपीसने जो शेवटचा स्वर भरीव लागत होता तो नव्याने लागत नसेल, तर वरच्या दोन सुरांचा सौदा महागात पडला. त्यानंतर ट्यूनर लावून एकच स्वर तीन सप्तकांत वाजवावा, काट्याकडे न पाहता, आणि दुसऱ्या कोणाला आकडे लिहून घ्यायला सांगावे. स्वतः काट्याकडे पाहिले की ओठ नकळत सूर सावरतात आणि चाचणीच खोटी होते. मग एखादी कामाची ओळ वाजवावी, जी आपल्याला खरोखर वाजवायची आहे अशी. दुकानातल्या चार भिंतींत लहान माउथपीस कानाला फार चमकदार वाटतो. तोच आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बारीक होऊन पोहोचतो. म्हणून ऐकायला माणूस दूर उभा करावा, आणि कोणता माउथपीस लावला आहे हे त्याला सांगू नये.

पहिल्या दिवसाच्या आनंदावर तर अजिबात भरवसा ठेवू नये. प्रत्येक नवा माउथपीस सुरुवातीचे काही दिवस बरा वाटतो, कारण ओठ जुन्या सवयींतून सुटलेले असतात. सवयी परत आल्या की खरे माप कळते. दोन आठवडे तोच वापरावा, मधे जुना लावू नये, आणि मग निकाल द्यावा. एका वेळी एकच माप बदलावे, हा आमचा आग्रह आहे. व्यास, खोली आणि भोक तिन्ही एकदम बदलून आवाज सुधारला किंवा बिघडला, तर त्यातल्या कशाने, हे कधीच कळणार नाही.

शँक, म्हणजे माउथपीसची वाद्यात बसणारी दांडी, हा स्वतंत्र धडा आहे, पण थोडक्यात आटोपतो. ट्यूबाच्या शँकची एकच सर्वमान्य जाडी नाही. अमेरिकी माप वेगळे, युरोपीय माप त्याहून जाड, आणि काही जुन्या वाद्यांचे आणखी बारीक. बारीक शँक जाड तोंडात घातला तर तो फार आत जातो किंवा डुलतो. जाड शँक बारीक तोंडात वरच अडकतो. दोन्ही वेळा सूर बिघडतात आणि दोष कपाला जातो. कित्येक 'लहान माउथपीस चालला नाही' अशा तक्रारींत कप निर्दोष असतो, दांडी चुकलेली असते. विकत घेण्याआधी एवढे पाहावे, की शँक दोन-तीन सेंटीमीटर आत जाऊन न हलता बसतो. कागद किंवा चिकटपट्टी गुंडाळून तो बसवण्याची युक्ती एखाद्या मिरवणुकीपुरती ठीक, निवड म्हणून नाही.

मिरवणुकीवरून आपल्याकडचे बोलायला हवे. महाराष्ट्रात ट्यूबाच्या कुळातली वाद्ये पोलिस आणि लष्कराच्या बँडांत आहेत, काही शाळांच्या बँडांत आहेत, आणि मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मंचावर आहेत. लग्नाच्या आणि गणेशोत्सवाच्या ब्रास बँडांत गाणे वाजवायला क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम पुढे असतात. सूझाफोन असला तर त्याचा भोंगाच लोकांच्या नजरेत भरतो. त्याच्या आत कोणता माउथपीस आहे हे कोणी विचारत नाही. मेरठच्या जली कोठी या वाद्यबाजारातून आलेले, दुसऱ्या पथकाकडून जुने घेतलेले किंवा वारशाने चालत आलेले वाद्य, आणि पेटीत जो सापडला तो माउथपीस, असा बहुतेक ठिकाणचा हिशेब असतो. उन्हात चार-पाच तास चालत वाजवणाऱ्याला थोडे लहान माप आणि बोथट रिम किती आराम देऊ शकेल, याचा विचार करायला त्याला उसंत नाही आणि सांगायला कोणी नाही. त्याचा आवाज मोकळ्या रस्त्यावर, ढोलताशांच्या शेजारी ऐकला जातो. तिथे खोल कपाचा मखमली गाभा कोणाच्या कानी पडणार? सुराची धार आणि टंगिंगची स्वच्छता तिथे जास्त उपयोगी पडते. सिम्फनीतल्या वादकाचे माप त्याच्यावर लादण्यात काही हशील नाही.

ट्यूबाच्या किमतीपुढे माउथपीसची किंमत किरकोळ असते. तेव्हा शाळांना, बँडमास्तरांना आणि पथकांच्या मालकांना आमची विनंती आहे, की ट्यूबा किंवा सूझाफोन घेताना त्याच्या शँकला बसणारे दोन मापांचे माउथपीस मागून घ्यावेत, एक साधारण ३१ मिलिमीटरच्या आसपासचा आणि एक ३२.५ च्या. ते साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन कपाटात ठेवावेत. नवा वादक आला की दोन्ही त्याच्या ओठाला लावून पाहावेत, आणि कोणता द्यायचा हे त्याचा खर्ज ऐकून ठरवावे.